ढिल्या पट्ट्याची सबब

“कोणं केलं हे?” रेकॉर्ड प्लेअर पुढ्यात ठेवला की तो आधी हेच विचारायचा. काय बिघडलं, ते नंतर. लाखनीतल्या त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात बिघाडाला माफी नव्हती. गुन्हेगार सापडलाच पाहिजे.

माझ्या मशीनवर गाणं हेलकावत होतं. त्यानं चकती उचलली, खालचा रबरी पट्टा बोटांत ताणून पाहिला आणि फेकून दिला. “ढिला झाला, गुरुजी. ढिला पट्टा चकतीले मागं ठेवते, आवाज जाड होते. पन आवाज तेज कधीच नाही करत, लक्षात ठेवा!” हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला डोळे वटारून ऐकवायचा. जणू खोटं बोलणारे आपणच.

कारण मला पुढे कळलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नाटकं होतात. तरुणपणी हा त्यांत नायक म्हणून गायचा. त्याच्या गाण्याची एक रेकॉर्डही निघाली होती. त्याच्या चुलतभावाचा लाउडस्पीकरचा धंदा. त्यानं भर मंडईत ती लावली आणि भोंग्यातून उंदरासारखी चिरचिर निघाली. सारी मंडई पोट धरून हसली. पुढच्या वर्षी नायक झाला चुलतभाऊ. ह्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

“पट्टा ढिला झाला होता गा,” चुलतभाऊ म्हणाला, आणि ह्यानं ते खरं मानलं. हे काम शिकल्यावर ती थाप उघडी पडली.

परवाच्या दिवाळीआधी चुलतभावानं तेव्हापासून पडून असलेलं ते मंडईतलं मशीन भंगारात काढलं. हा ते उचलून घेऊन आला तेव्हा मी दुकानातच होतो. पट्टा फिरवणाऱ्या मोटरच्या बारीक पुलीवर चिकटपट्टीचे वेढे होते. पुली जाड केली की चकती जोरात पळते, आवाज चिरका होतो. “हे का आपल्या आपच गुंडाळलं गेलं, गुरुजी?” तो हसला. ते हसू मला आवडलं. माझंही डोकं तापलं होतं.

त्यानं पुली खरवडून साफ केली, नवा पट्टा घातला आणि मंडईच्या दिवशी भोंगा थेट चुलतभावाच्या दाराकडे रोखून रेकॉर्ड लावली. पहिल्याच ओळीला माणसं थबकली. काय मोकळा, भरदार आवाज होता तो! चुलतभाऊ काठी टेकत बाहेर आला. मान खाली घालून त्यानं सगळं गाणं ऐकलं. मग डोळे पुसत म्हणाला, “किती चांगला गात होता गा तू!”

“आता सांगून राहिला?” हा ओरडला. पण त्याच्या म्हाताऱ्या, बसक्या गळ्यातून निघालेलं ते मागच्या माणसांपर्यंतही पोचलं नाही. त्यानं सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.