साळवे भाऊजींनी परत आणलेलं सामान

माझ्या मालकांचा शर्ट समितीच्या लोकांनी धुऊन टाकला होता. नुसता धुतला नव्हता, खळ घालून, कडक इस्त्री करून काचेच्या कपाटात टांगला होता. डाव्या खांद्याखाली जिथं रक्ताचा डाग होता, तिथं आता तळहाताएवढा फिकट तुकडा दिसत होता. समितीचे सचिव हसत हसत माझ्याजवळ आले. "आजी, बघा, नव्यासारखा केला. डाग निघतच नव्हता, दोनदा टाकावा लागला लाँड्रीत." मी साळवे भाऊजींकडं पाहिलं. समारंभ म्हणून छातीवर पदकं लावून ते माझ्या शेजारी उभे होते. तासाभरात हॉलच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "भाऊजी, हा शर्ट तुम्ही माझ्या हातून नेला होता. आता द्या मला तसाच परत." ते कपाटाच्या काचेवर हात ठेवून उभे राहिले...

सुभेदार काशिनाथ साळवे दोन महिन्यांपूर्वी पडेगावला आपल्या घरी वारले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. पेपरात आलं की जिल्ह्यातल्या सैनिकांच्या वस्तूंना कायमची जागा मिळावी हे त्यांचं स्वप्न अपुरं राहिलं. हे खोटं आहे. जागा मिळाली होती. त्यांनी ती स्वतः सोडली, आणि सोडायला मी कारण झाले. म्हणून लिहिते.

माझे मालक आणि भाऊजी फौजेत एका कंपनीत होते. एकाहत्तरच्या लढाईत मालक गेले. त्यांना तिकडंच अग्नी दिला. घरी आली ती काळी पेटी, तिच्यात घडी घातलेले कपडे, दाढीचं सामान आणि एक इंग्रजी कागद. पुढं भाऊजी सुट्टीवर आले तेव्हा त्यांच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो शर्ट होता. म्हणाले, "वहिनी, हा तिकडं जाळायला काढला होता. मी मागून घेतला. धुतला नाय." माझी सासू म्हणाली, गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नसतात, देऊन टाक नाही तर टाकून दे. मी ठेवला. रोज काढून रडत बसले असंही नाही. पेटीत होता, वर लिंबाचा पाला होता, एवढंच. मी चौथी शिकलेली. त्या इंग्रजी कागदातलं मला काही कळलं नव्हतं. डाग कळत होता.

भाऊजी निवृत्त झाल्यावर त्यांनी जिल्ह्यातल्या सैनिकांच्या घरून वस्तू गोळा करायला घेतल्या. पेट्या, पत्रं, बूट, घरी आलेल्या तारा, पदकं, एका घरून तर फुटका मग. कन्नड, पैठण, वैजापूर, सगळीकडं स्कूटरवर जायचे. त्यांची एक पद्धत होती. वस्तू घरातल्या बाईच्याच हातून घ्यायची. मुलगा किंवा दीर आणून द्यायला लागला तर म्हणायचे, "तू ठेव खाली. आईला बोलव." बाई आली की उठून उभे राहायचे, दोन्ही हातांनी वस्तू घ्यायचे आणि पावती द्यायचे. पावतीवर 'दान' असा शब्द कधी लिहिला नाही. 'ठेवायला घेतलं, मालकी घरची' असं लिहायचे. माझ्या पावतीवर आणखी एक ओळ होती: 'शर्ट न धुतलेला आहे, तसाच ठेवणे.' माझं अक्षर बरं म्हणून पुढं पुढं वस्तूंना बांधायच्या चिठ्ठ्या माझ्याकडून लिहून घ्यायला लागले. हुद्द्यांचे इंग्रजी शब्द आले की मी चिडायचे आणि ते म्हणायचे, "वहिनी, मेजरला मेजर लिहा, जनरल करू नका. त्याची बढती आपल्या हातात नाय."

सामान झालं, जागा नव्हती. पहिल्यांदा एका शाळेनं खोली दिली, परीक्षा आल्या तशी काढून घेतली. मग समाजमंदिर. तिथं लग्नाचं वऱ्हाड उतरलं, आणि मेलेल्या पोरांच्या पेट्यांवर बसून लोकांनी बुंदी खाल्ली. पेट्यांना तुपाचे हात लागले होते, ते मी स्वतः पुसले. मग एका कचेरीचं गोदाम. तिथं उंदरांनी पत्रं खाल्ली. दर वेळी कुणीतरी साहेब सांगायचे, "सुभेदारसाहेब, सध्या तात्पुरतं इथं ठेवा." या तात्पुरतं शब्दाची मला किळस आहे. जिवंत सैनिकाला हार घालायला हे लोक एकमेकांना ढकलतात, फोटो निघाला की हार तिथंच खुर्चीवर पडतो. गेलेल्याच्या पेटीला मात्र भिंतीच्या कडेला चार हात जागा निघत नाही. भाऊजी दहा वर्षं अर्ज घेऊन फिरले. मी म्हणायचे, सोडा आता. ते म्हणायचे, "कायमची मिळाल्याबिगर नाय सोडत."

आणि मिळाली. क्रांती चौकापासून जवळच, नव्या इमारतीत तळमजल्याचा हॉल, काचेची कपाटं, वर दिवे. एक समिती नेमली गेली, किल्ल्या तिच्याकडं गेल्या. भाऊजींचं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, महिनाभर त्यांना बाहेर पडता आलं नाही. तेवढ्यात समितीनं मंत्र्यांच्या डोळ्यांना घाण दिसायला नको म्हणून सगळे कपडे लाँड्रीत घातले, पदकं चिंचेनं घासली आणि माझ्या चिठ्ठ्या काढून छापील पाट्या लावल्या. सचिव वाईट माणूस नव्हता. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आपण चादरी बदलतो, तसं त्यानं केलं. त्यामुळंच मला जास्त संताप येतो. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

त्या दिवशी काचेवरचा हात काढून भाऊजी सचिवाला म्हणाले, "पावत्यांची फाईल आणा."

"आत्ता? साहेब, मंत्री सिडकोपर्यंत आले."

"येऊ द्या. सामान खाली घ्यायचंय."

"अहो, असं कसं? कायमची जागा तुम्हीच मागत होता ना!"

"मागत होतो. ठेवायची अट होती. ती मोडली. मालकी घरची हाय, समितीची नाय."

"एका डागापायी, साहेब?"

भाऊजी म्हणाले, "व्हय."

पिशोरची गयाबाई तिथंच होती. तिचा मुलगा पहाडातल्या चौकीवर गेला, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. त्याचा फोटो मधल्या कपाटात, दिव्याखाली लावला होता. ती नवं लुगडं नेसून, सुनेला आणि नातीला घेऊन आली होती. ती माझ्यावर धावूनच आली. "तुझ्या मालकाला मरून जमाना झाला. माझ्या पोराला आज पहिल्यांदा लोक बघणार होते. तुला एका डागाचं लई आलंय!"  

टेम्पो बोलावला. आम्ही मागच्या दारानं पेट्या चढवत होतो तेव्हा पुढच्या दारानं मंत्री आले, फीत कापली, भाषण केलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मागं काचेची कपाटं, दिवे लागलेले, आत काही नाही. त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. समितीनं पुढं तिथं खुर्च्या ठेवल्या.

मग भाऊजी आयुष्याचं शेवटचं वर्ष सामान परत करत फिरले. नेताना बायका होत्या, परत देताना बऱ्याच घरांत सुना होत्या. "बाबा, फ्लॅट झालाय, कुठं ठेवू?" असं कुणी म्हणालं. एकानं पेटी घेतली आणि भाऊजी वळायच्या आत भंगारवाल्याला आवाज दिला. भाऊजींनी ती तिथंच त्याच्याकडून विकत घेतली. जे कुणी घेतलं नाही ते त्यांनी आपल्या घरी आणलं. दोन खोल्यांच्या घरात एक खोली पेट्यांनी भरली, त्यांची खाट ओसरीवर आली. मी एकदा स्पष्ट विचारलं, "भाऊजी, माझ्या बोलण्यानं तुम्ही असं केलं का?" ते म्हणाले, "तुम्ही नसता बोलला तर मी गप बसलो असतो, वहिनी. मला दिसलं होतं. हॉल सुटंल म्हणून मी गप होतो." हे त्यांनी कबूल केलं. माणूस चांगला होता म्हणणारे पुष्कळ आहेत, पण त्या हॉलसाठी तोही हे गिळायला निघाला होता, हे त्यानंच सांगितलं. मला यासाठी त्यांच्याबद्दल जास्त मान आहे.

भाऊजी गेल्यावर त्यांच्या जलदान विधीच्या दिवशी सचिव पांढरा शर्ट घालून आले. जेवणाच्या पंगतीत माझ्याजवळ बसून हळूच म्हणाले, "आजी, हॉलला सुभेदारसाहेबांचं नाव देऊ. तुम्ही घरच्यांना सांगा, सामान तेवढं देऊन टाका. या वेळी कायमचं." मी म्हटलं, "जेवून घ्या." दुसरं काही तोंडातून आलं असतं तर पंगत उठली असती.

गयाबाई वर्षभर माझ्याशी बोलली नव्हती. त्या दिवशी ती पिशोरहून बसनं एकटी आली. पेट्यांच्या खोलीत जाऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. मी तिला विचारलं, समितीनं मागितला असता तर दिला असता का तू फोटो पुन्हा? ती म्हणाली, "दिला असता. तू?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग राहू दे." आणि आम्ही पानसुपारी खाल्ली.

भाऊजींच्या वहीत ज्यांच्या हातून वस्तू घेतल्या त्या बायकांची नावं आहेत. मी परवा वाचत बसले होते. आता त्यांतल्या दोघीच जिवंत आहेत. पिशोरची गयाबाई आणि मी.