‘हटवा’ कोणी लिहिलं?

आईशप्पथ मित्रांनो, यावेळी मी काय केलेलं नाय!

सकाळीच सुकी मासळी विकणारी आमची काकी घरी येऊन ओरडली, "मेल्या, बोंबलाच्या सगळ्या ऑर्डरी उडवल्यास!" मागे मी तिचा मोबाईल गुजरातीत केलेला, म्हणून संशय माझ्यावरच.

बघतो तर तिच्या ऑर्डरी येतात ते मेसेजचं ॲप अपडेट झालेलं. कचऱ्याच्या डब्याचं चित्र जाऊन तिथे 'हटवा' आलेलं.

काकी म्हणते, "मला वाटलं, ते दाबलं की मेसेज बाजूला सरकेल. बाजारात टोपली हटवा बोलतो तसं."

आता उद्या तलासरीला कोणाला किती बोंबील द्यायचे, तिला आठवत नाय.

डबा काढला कोणी? ॲपच्या कंपनीतला इंजिनियर त्याच्या साहेबाचं नाव सांगेल, साहेब बोलेल लोकांनीच मागितलं. तुमच्यापैकी कोणी मागितलं काय?

मला तर दाट संशय आहे, तिकडे माझ्यासारखाच एक कारटा बसलाय. फक्त त्याचं घर काकीला माहीत नाय.