बायकोच्या हाताचं रिव्हॉल्वर

परवा शनिवारी आम्ही नवरा-बायको नांदेडला खरेदीला गेलो होतो. साडी नाही, सोनं नाही... रिव्हॉल्वर! तेही माझ्यासाठी नाही, बायकोसाठी.

शिरूर अनंतपाळजवळ आमचा पेट्रोल पंप आहे. मी शेती बघतो, पंप सगळा बायको सुनीता सांभाळते. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसलाय, त्यामुळे पाण्याचे टँकर दिवसभर डिझेलला रांग लावून असतात. जमलेली रोकड तीच दुपारी स्कूटीवरून बँकेत नेऊन भरते.

गेल्या उन्हाळ्यात दोघं जण बाईकवरून तिच्या मागं थेट बँकेपर्यंत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. केलं काही नाही, पण घरात सगळ्यांची झोप उडाली.

आईचं एकच पालुपद, "सून हाय का शिपाई? उद्यापासून बँकेत तू जात जा." खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं. सुनीतानं मात्र पोलिसांत तक्रार दिली आणि लायसनचा अर्ज टाकला... चौकशा, चकरा, ट्रेनिंग, सगळं एकटीनं निस्तरलं.

तर शनिवारी दुकानात गेलो. दुकानदार पिकल्या दाढीचे चाचा. त्यांनी लायसन बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि सवयीनं माझ्यासमोर माल मांडला.

मी काय, तयारच होतो! त्यातलं सगळ्यात जड, लांब नळीचं, काळंकुळकुळीत उचललं. हातात येताच पाठ आपोआप ताठ झाली... काचेत बघून मिशीवरून हातही फिरवला. "हेच द्या," मी जाहीर केलं.

"लायसन माझ्या नावावर हाय, अन् माप तुमच्या हाताचं घेऊन राहिले व्हय?" सुनीता म्हणाली. चाचा ओशाळले आणि सगळा माल तिच्यासमोर सरकवला.

मग बाईसाहेबांची खरेदी सुरू झाली. रिकामं असल्याची आधी चाचांकडून खात्री करून घेतली, तरी नळी भिंतीकडंच. माझं लाडकं काही तिला एका हातात पेलेना. ट्रिगर ओढायला गेली की नळी खाली झुकायची.

"दोन्ही हातानं धर ना," मी शहाणपणा केला. ती उलटून म्हणाली, "दुसऱ्या हातात पैशाची बॅग असती... ती धराया तुमी येणार व्हय?"

तिनं आमची जेवणाच्या डब्याची पिशवी डाव्या हातात घेतली, पदर खोचला आणि भर दुकानात एकेक रिव्हॉल्वर उजव्या हातात धरून बघू लागली. एकाची मूठ मोठी, एकाचा ट्रिगर कडक. शेवटी आखूड नळीचं, हलकं, रबरी मुठीचं एक हातात बरोबर बसलं. दिसायला अगदीच साधं...

मी नाक मुरडलं. "ह्याला बघून कुणी घाबरंल का?"

"मला कुणाला घाबरवायचं न्हाई. निवांत बँकेत जायचंय."

चाचा हसले, "अब सही पसंद किए भाबी!"

येताना वाटेत लोहा गावात चहाला थांबलो. शेजारच्या टेबलावर नवा जिल्हा कुठं व्हावा यावरून जोरात भांडण चाललं होतं. सुनीता निवांत भजी खात होती आणि मला धाकधूक, आई घरात काय तमाशा करते...

आई औक्षणाचं ताट घेऊन दारातच उभी! आमच्याकडं ट्रॅक्टर असो की पाण्याची मोटर, नवी वस्तू हळद-कुंकू लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. नाराजी आपल्या जागी, रिवाज आपल्या जागी. तिनं चिमूटभर कुंकू उचललं तशी सुनीतानं घाईनं वस्तू मागं घेतली. "आत्याबाई, ह्याला नगा लावू. नळीत कुंकू गेलं तर बिघडंल."

आई चिमूट धरून तशीच उभी. मला वाटलं, झालं... आता पेटणार. तिनं ते कुंकू सुनेच्याच कपाळाला लावलं. नीट ओवाळलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सोमवारी बँकेत हीच जाईल. तू आपलं शेत बघ."

आज सोमवार. सुनीता बँकेत जाऊन आली, मी शेत बघितलं. असल्या दोन बायका ज्याच्या घरात आहेत, त्यानं मिशीला पीळ नाही दिला तरी चालतं बघा...