ज्याची हाक, त्याला वाढ

चंद्रपूरच्या त्या सायबर कॅफेचा मालक, सी भाषेत स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामने, एकाच मंद फोनलाइनवरून सगळ्या गिऱ्हाइकांच्या फाइली एकदम उतरवून घेई. कळफलकावर त्याची बोटे मोहफुले वेचल्यासारखी हलकी फिरत.

दूरदेशी बहिणीला झालेली लेक मी अजून पाहिली नव्हती. तिचा फोटो कपाळापर्यंत उमटून थांबला. शेजाऱ्यांच्या फाइली मात्र पुढे सरकत राहिल्या.

“भाऊ, माझाच काऊन सोडला?”

“सोडला नाई, बाई. पंगतीत वाढणारा एकापाशीच उभा राह्यला, तं बाकीचे उपाशी ना! ज्यानं हाक मारली, त्याले वाढाचं. तुमच्या फोटोचा पुढचा तुकडा लाइनीवर आला, का तीच तुमची हाक; येतोच.”

पंख्याच्या वाऱ्याला कोळशाच्या धुळीचा वास होता. मग भुवया उतरल्या, मिटलेले डोळे, आणि शेवटी थेट आमच्या आईची हनुवटी.

“वाढलं, बाई,” तो म्हणाला.