प्रल्हादभाऊंचं गप्प होणं

"मॅडम, यांचा हात खाली येत नाहीये," मेश्राम सिस्टर म्हणाल्या.

बीपी मोजून झालं होतं, पट्टा काढला होता. तरी प्रल्हादभाऊंचा उजवा हात हवेत तसाच होता. मी तोवर केसपेपरवर नेहमीच्या औषधाचा डोस वाढवून मोकळी झाले होते.

प्रल्हादभाऊ तुमसरच्या एका राइस मिलमध्ये पॅकिंगला. सहा वर्षं माझे पेशंट. निदान स्किझोफ्रेनिया, पॅरानॉइड प्रकार. म्हणजे संशय आणि कानात आवाज. मिलमधले लोक आपल्या डब्यात काहीतरी मिसळतात, अशी त्यांची खात्री असायची. बाकी बोलणं सरळ, स्मरणशक्ती उत्तम. या प्रकारात ते बहुधा टिकून राहतं. आता चार दिवस जेवण नाही, बोलणं नाही. मी धरून चालले की संशयच वाढला.

त्यांच्या बायकोनं, वनिताताईंनी, आल्या आल्या सांगितलं होतं, "मॅडम, पहिले ताट ढकलत होते. आता ढकलून बी नाही राहिले. घास तोंडात ठेवला का तसाच राह्यते."

मी लिहिलं होतं, 'जेवण नाकारतात.'

आता मी त्यांचा डावा हात उचलून सोडला. तोही तसाच राहिला. हा कॅटाटोनिया. यात माणूस शुद्धीत असतो, पण हालचाल आणि बोलणं गोठतं. स्किझोफ्रेनियाच्या आणखी एका प्रकारात बोलणं विस्कटतं, कारण नसताना हसू येतं. आम्ही शिकलो तेव्हा हे वेगवेगळे कप्पे होते. नव्या वर्गीकरणात ते काढून टाकलेत, कारण एकच पेशंट एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो. मला हे परीक्षेपुरतं माहीत होतं.

मी सिनिअर सरांना फोन लावला. "सर, फाईल पॅरानॉइडची आहे, पण समोर कॅटाटोनिया दिसतोय."

"मग उपचार कोणावर करणार? फाईलवर?"

कॅटाटोनियात त्या वाढवलेल्या डोसनं त्यांची तब्येत आणखी बिघडू शकली असती. मी तो खोडला. रक्त तपासायला पाठवलं, सलाईन लावलं आणि हे गोठणं सोडवणारं लोराझेपामचं इंजेक्शन दिलं. वनिताताई स्टुलावर बसून त्यांच्या ओठांकडे बघत होत्या.

साधारण अर्ध्या तासानं ओठ हलले. "पाणी."

वनिताताई उठल्या. "अर्धा गिलास देऊ का पुरा?"

"पुरा."

मग ते हळूहळू म्हणाले, "समदं आयकू येत होतं. वनिता हाका मारे. मले 'हो' म्हणाव वाटे. तोंडच उघडे ना."

वनिताताई तेव्हा रडल्या.

इंजेक्शनं आणखी काही दिवस चालली. मग नेहमीचं औषध कमी डोसनं, जपून सुरू केलं. बाराव्या दिवशी ते चालत घरी गेले. दोन महिन्यांनी मिलवर रुजू झाले. संशय अधूनमधून येतो, पण आला की ते वनिताताईंना सांगतात.

आता ओळखीचा पेशंट आला तरी मी आधी त्याला तपासते, घरच्यांचं ऐकते आणि त्यांचेच शब्द लिहून घेते. ओपीडी जरा उशिरा संपते.