बोळाकडची भिंत

दूधवाल्याने माप ओतलं, की मावशी ते त्याच्या हातातून घेऊन तळाला पोचा आहे का, ते आतून बोट फिरवून बघायच्या. नसला तरी म्हणायच्या, "दिसतं त्येवढंच नसतं." अशी एखादी बाई तुमच्याही शेजारी असेल. पेढा दिला तर आधी विचारते, कशाचा, आणि मलाच का?

राजूरला आमच्या आणि त्यांच्या घरांच्या मधे एक अरुंद बोळ. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या मावशी एकट्याच राहायच्या. माझ्या सासूबाईंशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. का, ते दोघींनाही धड सांगता येत नसे.

मध्यंतरी आम्ही न्हाणीघर नव्याने करायला काढलं. त्याची बाहेरची भिंत बोळाकडे. पावसाळाभर भिजायची आणि थंडीत गार दगड व्हायची. सासूबाईंना नुकताच न्युमोनिया होऊन गेलेला. अंघोळ म्हटलं की त्यांना आधीच कापरं भरायचं. मिस्त्री म्हणाला, "बाहेरून दुसरी पातळ भिंत घेऊ. मधी थर्माकोल. गारठा आत येनारच न्हाई."

त्याने बोळात पाया आखला आणि मावशी खुर्ची घेऊन तिथेच येऊन बसल्या.

"पाया म्हंजी पाय पसरायची सुरवात."

"मावशी, जागा आमचीच आहे. सासूबाईंसाठी करतोय."

"म्हाताऱ्या मानसाचं नाव फुडं केलं की कुनी बोलत न्हाई. ठावं हाय मला."

मला वाटलं, जुना राग काढताहेत. दुसऱ्या दिवशी थर्माकोलचे जाड तक्ते आले आणि दुपारी त्यातला एक गायब! मी तडक मावशींच्या दारात. आत पाहते तर भिंतीला तक्ता लावून, त्याला पाठ टेकून त्या डोळे मिटून बसलेल्या.

"चोरला न्हाई," डोळे न उघडताच म्हणाल्या. "पारख करतेय. ऊब लागतीया खरी. पन ती माझी हाय का ह्याची, त्येच कळंना."

मला हसू आलं. मी उंबऱ्यावर टेकले. मग त्या हळूहळू बोलू लागल्या. नवरा गेल्यावर दीर म्हणाला होता, वहिनी, तुमचं रान मीच नांगरून देतो. दर साली नांगरताना तो बांधातून एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, आत घ्यायचा. "येक तास म्हंजी कितीसा? बोलले तर लोक हसले. बांध पार माझ्या इहिरीपोत्तर आला, तवा हसायचं थांबले."

घरी येऊन मी मिस्त्रीला सांगितलं, बोळातला पाया बुजवा, थर्माकोल आतून लावा. तो कुरकुरला, यजमानही. न्हाणीघर अरुंद झालं ते झालंच. अजून कोपर आपटतं.

काम झाल्यावर मावशी तपासायला आल्या. नव्या टाइल्सना गाल लावून उभ्या राहिल्या. मग बाहेर येऊन थेट सासूबाईंपुढे.

"वाळलीस की गं."

"तू कुठं जाड झालीस?"

त्या दिवशी सासूबाईंना अंघोळ मावशींनीच घातली, पाठ चोळून. सूनबाई पाणी मुद्दाम कोमट देते, हा संशय. मग ते रोजचंच झालं. बंद दाराआड दोघींची कुजबुज चालायची. मी जवळून गेले की गप्प. माझ्याबद्दलच बोलत असणार, असं मला वाटे. खरंच माझ्याबद्दल असायचं.

मागच्या दिवाळीनंतर मावशींची लेक खर्ड्याहून न्यायला आली. चार दिवस हवापालट, म्हणाली. निघताना मावशींनी मला बाजूला घेतलं.

"चार दिस म्हनती. मंग पिशवीत माझी समदी लुगडी का भरली?"

"मावशी, लेक आहे ती तुमची."

"म्हनून तर इचारते."

जीप वळली तरी त्या मागच्या काचेतून बघत होत्या, घराकडे की आमच्याकडे, कळलं नाही. पुढच्याच महिन्यात लेकीने घर विकल्याचं कळलं.

आता सासूबाई एकट्याच अंघोळ करतात, मला आत येऊ देत नाहीत. बादली कढत लागते, तीही हात बुडवून बघतात. मग दार लावून घेतात. पाण्याचा आवाज बराच वेळ येत नाही. काळजीने मी हाक मारते, "आई, झालं का?"

"थांब," आतून येतं. "पाठ राहिलीय."