अप्पाराव डायवर आणि दोन कार्डं

अप्पाराव माझा डायवर आणि मी, धर्मराज, त्याचा कंडक्टर. जालना–राजूर गाडीवर आम्ही सोळा वर्षं एकत्र काढली. लोकं म्हणायचे, यांचं बायकांशी पटत नसंल तेवढं एकमेकांशी पटतंय. कशाचं पटतंय? रोज भांडायचो. मी प्याशिंजरवर खेकसलो की तो आरशातून डोळे वटारायचा, आणि चतुर्थीला राजूरच्या गणपतीच्या गर्दीत एखाद्या म्हातारीसाठी त्यानं भररस्त्यात गाडी थांबवली की मी त्याचा उद्धार करायचो. पण इस्टेरिंगवर तो असला की दुपारच्या रिकाम्या फेरीला मी बिनघोर डुलकी काढायचो. तसली झोप मला पुन्हा कधी लागली न्हाई.

दोन हजार तीनची गोष्ट. त्याच्या पोरीनं, सत्यशीलानं, कॉम्प्युटरचा कोर्स करता करता सुटे भाग जमवून घरीच एक कॉम्प्युटर जोडल्ता. त्यात ट्रक चालवायचा गेम होता. झालं, हप्त्याची सुट्टी आली की हा गडी त्याच्यासमोर. सहा दिवस गाडी हाकून पोट भरलं न्हाई म्हणून सातव्या दिवशी पण तेच. मी चिडवायचो, "अरे, डेपोत जाऊन ओव्हरटाइम तरी माग." ब्रेकसाठी बोटानं बटण दाबायचं असायचं, पण याचा पाय खाली फरशीवर दाबला जायचा. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. फार चांगले दिवस होते ते.

मंग त्याची कुरकुर सुरू झाली. चित्र धुरकट दिसतंय, रस्ता अटकत अटकत येतोय. "कार्ड जुनं झालं," म्हणायचा. कॉम्प्युटरच्या पोटात चित्र काढणारी एक पट्टी असती, तिला ग्राफिक कार्ड म्हणतात, हे मला तवा कळलं.

माझ्या मनात मात्र दुसरंच घोळत होतं. महिन्याभरापूर्वी राजूरच्या अलीकडं, भर दिवसा, कापसानं भरलेली बैलगाडी पुढं चालल्ती आणि अप्पारावाला ती दिसलीच न्हाई. मी बोंबललो म्हणून ब्रेक लागला. पन्नास माणसं होती आमच्या गाडीत. तो म्हणला, "ऊन डोळ्यावर आल्तं." ऊन तर पाठीमागं होतं. हे मी डेपोत सांगितलं असतं तर त्याचं इस्टेरिंग गेलं असतं, आणि त्याशिवाय त्याला दुसरं काय येत होतं? मी मूग गिळून बसलो. दुपारची डुलकी सोडून रस्त्यावर डोळे लावून बसायचो, पण बोललो न्हाई.

एका रविवारी मला बोलावणं आलं. सत्यशीलानं ओळखीच्या दुकानदाराकडून दोन कार्डं एका दिवसासाठी मागून आणल्ती. एकाच्या खोक्यावर तलवारवाला राक्षस आणि १२८ चा भला मोठा आकडा. दुसऱ्याचं खोकं साधं, आकडा ६४.

"यात बघायचं काय? दुप्पट मेमरीवालं घे," मी म्हणलो.

पोरीनं नाक मुरडलं. "काका, मेमरी म्हणजे नुसतं गोदाम. काम करणारी चिप मंद असली तर मोठं गोदाम घेऊन काय करता?"

दोन्ही कार्डं मदरबोर्डाच्या खाचेत बसतात का, आपला पॉवर सप्लाय त्यांना पेलतो का, हे तिनं आधीच बघून ठेवलं होतं. तिचा कायदा कडक. कॉम्प्युटर तोच, गेम तोच, रस्ता तोच, पडद्याची सेटिंग तीच. बदलायचं फक्त कार्ड. सेकंदाला किती चित्रं येतात त्याचा आकडा तिनं पडद्याच्या कोपऱ्यात चालू ठेवला. "मोकळ्या रस्त्यावरचा आकडा सोडा," म्हणली, "गर्दीच्या चौकात किती खाली पडतो ते लिहा." हे मला बराबर पटलं. गाडी सरासरी किती पळाली हे कोण विचारतंय, फाट्यावर अडकली की प्याशिंजर शिव्या देतंच.

अप्पाराव बसला. राक्षसवालं कार्ड चौकात अकरावर आलं, साधं सत्तावीसच्या खाली गेलं न्हाई. शिवाय राक्षसवाल्यात लांबची पाटी पूल ओलांडल्यावर वाचता यायची, ती साध्यात पुलाच्या अलीकडूनच स्वच्छ दिसली. दुप्पट आकडा तोंडावर पडला म्हणून सत्यशीला मला हसत होती.

"काय अप्पाराव, बघितला का फरक?"

"कसला फरक? दोन्हीत पाटी पार जवळ गेल्यावरच दिसली. धुरकट ते धुरकटच. दुकानदार येडं बनवून राह्यला."

सत्यशीलाचं हसू गेलं. तिनं माझ्याकडं बघितलं. कार्ड बदललं, परत एकदा बदललं. दोन्ही वेळा त्यानं ट्रक पाटीच्या पार बुडाशी नेला. मंग त्याचं त्यालाच काहीतरी उमगलं. त्यानं बटणांवरची बोटं काढून मांडीवर ठेवली.

"धर्मराज, तुला पाटी कुठून दिसली?"

खोटं बोलायची मला लई इच्छा झाली. पण पोरगी समोर उभी होती.

"पुलाच्या अलीकडून," मी म्हणलो.

"आन् त्या दिवशी कापसाची गाडी?"

"ती पण लांबूनच."

तो खुर्चीवरनं उठला. मंग सत्यशीलाला म्हणला, "साधं कार्ड ठेव, बाई. चांगलं हाय ते." आणि मोरीत जाऊन तोंड धूत राह्यला. मी चहा न घेताच निघून आलो.

सोमवारी सकाळी तो ड्युटीच्या अर्धा तास आधीच डेपोत आल्ता. मी तिकिटांची पेटी घ्यायला चाललो तर साहेबांच्या खोलीतून त्याचा आवाज आला.

"माझी नजर तपासून घ्या, साहेब. तोवर मला गाडी देऊ नका."

साहेबांनी विचारलं, "तुमच्या कंडक्टरला कधी जाणवलं न्हाई का? रोज सोबत असतो ना तो?"

"न्हाई, साहेब," अप्पाराव म्हणला. "त्याचं सगळं ध्यान तिकिटात असतंय."

मी दाराबाहेरच उभा होतो. आत जाऊन खरं सांगायला दोन पावलं लागली असती. मला ती टाकता आली न्हाईत, आणि त्या कापसाच्या गाडीनंतर मी का गप बसलो, हे अप्पारावानं मला आयुष्यात एका शब्दानं विचारलं न्हाई.